‘फिर से चालू’ म्हणजे नेमकं काय

प्रभावती बिऱ्हाडे सुरतेतल्या उधन्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. वडील सोमा बिऱ्हाडे रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते, जळगावकडून येऊन भेस्तानला घर केलेले. मराठी शाळेतलं मॅट्रिक, गल्लीत शिकलेली गुजराती आणि टायपिंगच्या क्लासात बसलेला हात, एवढ्यावर तिला नोकरी मिळाली होती.

कारखान्यात कापड रंगवायच्या यंत्रांची पॅनलं बनत. पॅनल म्हणजे भिंतीवर लावायची लोखंडी पेटी, तिच्यावर बटणं आणि एक हिरवी अक्षरपट्टी. यंत्रानं किती तापायचं, किती वेळ थांबायचं, पाणी कधी सोडायचं, हे त्या पेटीला सांगण्यासाठी इंजिनियर किरीटभाईंनी स्वतःची एक भाषा रचली होती. तिचं नाव ‘क्रम’. बावीस आज्ञा. ‘रॅम्प’ म्हटलं की यंत्र ठरल्या वेगानं तापणार, ‘होल्ड’ म्हटलं की त्या तापमानाला धरून ठेवणार, ‘ड्रेन’ म्हटलं की पाणी सोडणार. ऑपरेटरनं एकाखाली एक आज्ञा भरायच्या, पुढचं काम यंत्र बघून घेई. प्रत्येक पेटीबरोबर चाळीस पानांचं एक पुस्तक जाई, सगळ्यांना वाचता यावं म्हणून हिंदीत. किरीटभाईंनी ते लगीनघाईत लिहिलं होतं आणि प्रभावतीनं जसंच्या तसं टाइप केलं होतं.

प्लेगच्या वर्षी, चौऱ्याण्णवला, सुरत रिकामी झाली. दिवाळीनंतर कारखाने पुन्हा धडधडायला लागले, पण जुने ऑपरेटर सगळेच काही परतले नाहीत. जे परतले नाहीत त्यांच्याबरोबर तोंडी ज्ञानही गावाला गेलं. जागेवर आलेल्या नव्या माणसांच्या हाती उरलं फक्त पुस्तक, आणि ते वाचून त्यांचे फोन यायला लागले. फोन प्रभावतीच्या टेबलावर होता.

सुरुवातीला ती निरोप लिहून किरीटभाईंकडे द्यायची. मग तिच्या लक्षात आलं की तेच तेच प्रश्न येतात. ‘होल्ड तीस’ लिहिलं तर तीस मिनिटं कधीपासून धरायची, आज्ञा आल्यापासून की तापमान गाठल्यापासून? पुस्तकात नव्हतं. ‘ड्रेन’ दिल्यावर यंत्र गरम असेल तर थांबतं की पाणी सोडतं? पुस्तकात दोन पानांवर दोन उत्तरं होती. तिनं एक वही केली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे पुस्तकाचं पान.

वर्षभरात वही भरली. ती तिनं किरीटभाईंच्या समोर नेऊन ठेवली.

किरीटभाईंनी चार पानं चाळली. “प्रभाबेन, हे तर कुणालाही कळायला पाहिजे.”

“कळतंय म्हणून कुणी फोन करत नाही, साहेब.”

ते हसले. मनानं माणूस मोकळा होता. “मग तूच लिही. अडलं की विचार.”

तिनं लिहायला घेतलं. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी किरीटभाई अर्धा तास द्यायचे, ती विचारायची, उत्तर लिहून घ्यायची. सगळ्यात जास्त फोन एका वाक्यावरून आले होते: ‘बत्ती जाकर आने पर होल्ड फिर से चालू होगा.’ फिर से म्हणजे पहिल्यापासून, की जिथं थांबलं तिथून पुढे?

“जिथं थांबलं तिथून,” किरीटभाई म्हणाले. “आता नव्या पॅनलला बॅटरी आहे. लक्षात राहतं त्याला.”

तिनं लिहिलं: ‘बत्ती आने पर होल्ड का बचा हुआ समय ही गिना जाएगा. ऑपरेटर को कुछ करना नहीं है.’ दुसरं वाक्य तिनं आपल्या मनानं घातलं. वाचणाऱ्याला धीर येईल असं तिला वाटलं. नवं पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं एक प्रत घरी नेली. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि आतलं काही न कळताही दोन दिवस उशाशी ठेवली.

फोन कमी झाले. दीड महिन्यानं पांडेसऱ्याच्या एका रंगकारखान्यातून उखा पाटील नावाच्या ऑपरेटरचा फोन आला. उखाला ती आवाजानं ओळखत होती. आधी आठवड्यातून दोनदा त्याचा फोन असे.

तो थेट विषयावर आला. गर्द निळ्या रंगाचा लॉट चालू होता, होल्डला जेमतेम दहा मिनिटं झाली आणि लाईट गेली. पंचवीस मिनिटांनी आली. यंत्रानं उरलेली वीस मिनिटं धरलीच नाहीत, थेट थंड करायला घेतलं. कापड फिकं निघालं. रंगाचं काम बघणाऱ्या मास्तरानं उखाला घरी बसवलं होतं.

“तुम्ही जवळ नव्हता का, दादा?” तिनं विचारलं.

“व्हतू ना. पहिले लाईट गयी का मी घड्याळ धरीसन हुभा राहू. आते तुमनं पुस्तक वाचीसन घड्याळ दखनं सोडी दिन्हं, ताई.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. जुनं पुस्तक धड काही सांगत नव्हतं, म्हणून माणूस सावध राहत होता. तिनं ठाम वाक्य लिहिलं आणि त्यानं विश्वास टाकला.

किरीटभाईंना ते पटेना. “असं होऊच शकत नाही. मी टेस्ट केलंय.”

“कसं केलंत?”

“स्विच बंद केला, चालू केला. बरोबर होतं.”

“किती वेळ बंद ठेवला होता?”

किरीटभाई म्हणाले, “दोन सेकंद.”

दुपारी सगळे जेवायला गेले असताना प्रभावतीनं कारखान्यातल्या नमुन्याच्या पॅनलवर ‘होल्ड तीस’ भरलं. भिंतीवरचं घड्याळ बघत दहा मिनिटं थांबली, स्विच पाडला. पंचवीस मिनिटं तिथंच स्टुलावर बसून राहिली. डब्यातली भाकरी तशीच होती. स्विच वर केला, आणि अक्षरपट्टीवर होल्ड पुरा झाल्याचं उमटलं. लाईट नसतानाही बॅटरीवरचं घड्याळ चालूच राहत होतं, आणि पॅनल तोही वेळ होल्डमध्येच धरत होतं.

तिनं किरीटभाईंना बोलावून पुन्हा तेच करून दाखवलं. ते पूर्ण वेळ उभे राहिले. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, “चूक माझी आहे. प्रोग्राम बदलतो. पण बाहेर बोलू नकोस, नाव खराब होईल. पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवून पाठवू.”

चिठ्ठी तिनं टाइप केली. पण गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ती पांडेसऱ्याला गेली. वाफेनं आणि रंगाच्या वासानं भरलेल्या त्या शेडमध्ये डाइंग मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. तिनं नवं पुस्तक उघडून ते वाक्य त्याच्यापुढे धरलं. “हे मी लिहिलंय आणि हे चुकीचं आहे. तुमच्या ऑपरेटरनं पुस्तकात सांगितलं तेच केलं.”

“तुम्ही कोण? इंजिनियर?”

“टायपिस्ट.”

मास्तरानं वाक्य दोनदा वाचलं. “इंजिनियरला का नाही पाठवलं?”

तिनं पुस्तक त्याच्यापुढे तसंच धरून ठेवलं. मास्तर म्हणाला, “सोमवारपासून ये म्हणावं त्याला.”

ही गोष्ट मास्तरानं फोन करून किरीटभाईंच्या कानावर घातलीच. दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. नोकरी जाते असंच तिनं धरलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नमुन्याचं पॅनल उचलून तिच्या टेबलाशेजारी आणून ठेवलं. “मला विचारून लिहू नकोस आता,” ते म्हणाले. “याला विचार. मी काय बनवायचं ठरवलं होतं ते मी सांगतो. बनलंय काय, ते हे सांगेल.”

तेव्हापासून तिचं काम संथ झालं. एकेका आज्ञेला आठवडा लागे. जुन्या पॅनलमध्ये होल्ड पहिल्यापासून सुरू होतो, मधल्यांमध्ये बंद वेळही मोजला जातो, दुरुस्त केलेल्यांमध्ये उरलेलाच वेळ धरला जातो. तिनं तिन्ही लिहिलं, आणि आपलं पॅनल कोणतं हे मागच्या पट्टीवरच्या नंबरावरून कसं ओळखायचं, तेही. ‘कुछ करना नहीं है’ हे वाक्य तिनं सगळीकडून काढलं. एका आज्ञेचं वर्णन काही केल्या सरळ होईना. दहा वेळा लिहून तिनं ते किरीटभाईंना दाखवलं, तर ते बराच वेळ वाचून म्हणाले, “ही आज्ञाच वाकडी आहे, वाक्य नाही.” पुढच्या पॅनलमध्ये त्यांनी ती काढून टाकली. बावीसच्या एकवीस झाल्या.

उखा कामावर गेला खरा, पण वर्षभर त्याला मोठ्या यंत्रावर उभं केलं नाही. हे प्रभावतीला बोचत राहिलं आणि त्यावर तिला काही करताही आलं नाही. तो भेस्तानलाच राहायचा, चार गल्ल्या सोडून. रविवारी काम सुटल्यावर ती टाइप केलेली पानं घेऊन त्याच्या ओट्यावर जायला लागली. ती वाचायची, तो ऐकायचा. त्याची बायको भागीरथी मधूनच चहा आणून ठेवायची आणि बसून ऐकायची.

एका रविवारी ती ‘ड्रेन’चं पान वाचत होती: ‘तापमान अस्सी से नीचे आने पर पानी छूटेगा.’

“अन् अंशीच राहिनं तर?” भागीरथीनं विचारलं.

उखा तिच्याकडे बघून म्हणाला, “इतलं बारीक कोन दखस?”

प्रभावतीला माहीत नव्हतं. ऐंशीला सुटतं की एकोणऐंशीला, हे तिनं तपासलंच नव्हतं. तिनं पानाच्या कडेला पेन्सिलीनं खूण केली आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.