मण्यांना चिकटलेला जावई

१२ मार्चला ३,८४० रुपयांची एक मागणी माझ्या टेबलावर आली. वस्तू: "कोरे मणी." कारण: "काहीही न लावता वापरण्यासाठी." हिशेब विभागात माझं उभं आयुष्य गेलं, पण असं कारण पहिल्यांदाच वाचलं.

मागणी आणली होती माझ्या मेहुणीने. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ आहे. घरी मी भाऊजी, ऑफिसात साहेब. त्या दिवशी ती म्हणाली, "भाऊजीसाहेब, सही करा."

तिथल्या काचेच्या बाटल्या धुण्यापासून तिने सुरुवात केली. आता थेंब मोजून सोडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. घरी मात्र कप फोडते. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर चालतं. नवरा शब्दकोडी सोडवतो आणि अडलेले शब्द तिलाच विचारतो. तिची नोकरी कंत्राटी, मार्चअखेर संपणारी. एका आजाराच्या मुळाशी असलेल्या प्रथिनाला घट्ट धरणारा रेणू सापडला, तरच प्रकल्प चालू राहणार होता, आणि तिची नोकरीही.

आणि तो सापडला होता. म्हणून तर मला काही कळेना.

"चला, चहा पिऊ," ती म्हणाली आणि कँटीनमध्ये मला समजावत बसली.

"हे बघा, एका नळीत कोट्यवधी निरनिराळे रेणू. प्रत्येकाला डीएनएची शेपटी, म्हणजे नावाची चिठ्ठीच. आपलं प्रथिन बसवायचं लोखंडी मण्यांवर आणि ही गर्दी त्याच्यावर सोडायची. नळीला बाहेरून चुंबक लावलं की मणी कडेला जातात. उरलेलं ओतून द्यायचं. धुवायचं, परत धुवायचं. एवढं करून जो सुटत नाही, त्याची चिठ्ठी वाचायची."

"मग वाचलीत ना?"

"वाचली. एकाचीच हजारोंनी निघाली. आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडम त्याला जावई म्हणायला लागल्यात."

"मग पेढे कुठे आहेत?"

"अहो, पण त्याने मुलीला धरलंय की घराला? मणी कमी पडले म्हणून कोऱ्या, म्हणजे प्रथिन न बसवलेल्या मण्यांची नळी लावलीच नव्हती. प्रथिन सोडून तो मण्यालाच चिकटला असेल तर?"

"अगं, विचारलं नाहीस तर तुझी नोकरी राहते."

"आणि घरजावई निघाला, तर दोन वर्षं त्याचे लाड मीच पुरवू?"

"मॅडम काय म्हणतात?"

"म्हणतात, अहवाल जाऊ दे, मग बघू. आणि मागणीवर सहीही दिलीय. आता ह्याचा अर्थ तुम्हीच लावा."

मला लागला नाही. तिचंही पटत होतं, मॅडमचंही. हिशेबात असं होऊन चालत नाही. मी सही केली.

पुढच्या आठवड्यात ती आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"कोऱ्या मण्यांवरही तोच निघाला. तितकाच."

"म्हणजे?"

"घरजावई." ती हसली आणि मग खुर्चीत बसली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम रागावल्या?"

"आधी मिठी मारली. मग दार लावून घेतलं. मला बाहेर ठेवून."

"आता?"

"यादीत खाली एक आहे. प्रथिनाच्या नळीत एकोणीस वेळा, कोऱ्यात एकदाही नाही."

"मग हाच खरा!"

"असेल. योगायोगही असेल. शेपटीशिवाय नव्याने बनवून तपासायला हवा. एप्रिल उलटेल."

"तेव्हा तू असशील का?"

"मला काय विचारता? पगारपत्रक तुमच्याकडे येतं!"

एप्रिलच्या पगारपत्रकात तिचं नाव होतं. मुदत एक महिना. मे आणि जूनमध्येही तसंच. कोणी वाढवली आणि कशाच्या जोरावर, हे विचारलं तर वरून उत्तर येतं, "बघू." नवा रेणू बनून आला आहे. एका तपासणीत तो प्रथिनाला धरतो, दुसरीत सोडून देतो. नवरा कोड्यातून डोकं वर काढून विचारतो, "सापडला का गं?" ती म्हणते, "उभा की आडवा?"

तिने स्वतःची नोकरी घालवली की वाचवली, हे मला अजून सांगता येत नाही. जूनअखेर मी निवृत्त होतो. तिची मुदत तोवरच आहे.

त्या दिवशी चहाचे पैसे तिने भरले होते. माझ्या वाटणीचे अकरा रुपये द्यायचे राहिले आहेत.