घुमीचे सतरा फोन

घरात तिला घुमी म्हणत, आणि ते नाव तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. बोलायचं नाही असं तिने काही ठरवलेलं नव्हतं. समोर अनोळखी माणूस आलं की तिची जीभ टाळूला चिकटायची, एवढंच. हात मात्र बोलके होते. कवळ्या बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने पहिल्या नंबराने पुरा केला. ती मेणात दात रचायला बसली की वर्गातल्या मुली आपापलं काम टाकून तिच्या टेबलाभोवती जमायच्या.

पण नोकरी मिळेना. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळांना तिने एकेचाळीस अर्ज पाठवले. दोघांनी जागा नाही म्हणून कळवलं, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. आई नव्हती, घरात ती आणि बाबा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या वर जायची सोय केली आणि स्वतः मात्र होते तिथेच राहिले, कारण वरची जागा दोनदा साहेबांच्या नातेवाइकांनी पटकावली. तेव्हापासून ‘वशिला’ हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. “मी जन्मात कोणाच्या दारात उभा राहिलो नाही,” हे वाक्य ते दाढी करताना, चहा गाळताना, केव्हाही म्हणत.

अभ्यासक्रमाच्या बाईंनी तिला एकदा बोलावून घेतलं. दंतवैद्य आणि कवळ्यांचे कारागीर यांचा वर्षातून एकदा मेळावा भरायचा, तिथे जा म्हणाल्या. घुमीने मान खाली घातली. तेव्हा बाई म्हणाल्या, “नोकरी मागू नकोस. कामाबद्दल विचार. आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं तर माणसाला बरंच वाटतं.”

ती गेली. मोठ्या हॉलमध्ये लोक पत्ते वाटावेत तशी एकमेकांना कार्डं वाटत होते. घुमी पाण्याच्या पिंपापाशी जाऊन तीनदा पाणी प्यायली, एकच फलक चारदा वाचला. आता निघावं असं ठरवून ती दाराकडे वळली, तर कोपऱ्यातल्या टेबलावर एक कवळी दिसली. वरच्या ओळीतला पुढचा एक दात जरासा तिरका होता. बाकी काम इतकं सफाईदार, की ही चूक असणं शक्यच नव्हतं. टेबलामागे जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. घुमीच्या तोंडून आपोआप शब्द निघाले.

“हा दात मुद्दाम वाकडा लावलाय का?”

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. “सकाळपासून दोघांनी मला ही चूक दाखवून दिली. मुद्दाम का, हे विचारणारी तू पहिलीच.”

मग त्यांनी हकिकत सांगितली. एका आजीबाईंना कोणीतरी सरळ, एकसारख्या दातांची कवळी करून दिली होती. ती घालून आजी हसल्या की नात जवळ यायला घाबरायची. ही आपली आजी नव्हेच म्हणायची. म्हाताऱ्याने आजींचा जुना फोटो मागवला आणि त्यात होता तसा तिरका दात बसवून दिला. टेबलावर होती ती त्याच कवळीची दुसरी प्रत. घुमीने विचारलं, किती तिरका ठेवायचा ते फोटोवरून कसं ठरवलं. अर्धा तास कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. निघताना त्यांनी आपलं कार्ड दिलं.

ते कार्ड तीन आठवडे वहीत पडून राहिलं. बाबांचं वाक्य आडवं येत होतं. शेवटी आठ वेळा खोडून तिने निरोप पाठवला: ‘काका, वाकड्या दाताबद्दल विचारणारी मी. तुम्ही दात रचताना एक दुपार बघायला मिळेल का? नोकरीसाठी लिहीत नाही.’ शेवटचं वाक्य निम्मं खोटं होतं आणि ते तिला टोचत होतं. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘गुरुवारी दोन वाजता. जेवून ये. इथे स्टूल एकच आहे आणि ते माझं आहे.’

काकांच्या दोन खोल्या चपलांच्या दुकानावर होत्या. खिडकीच्या कठड्यावर प्लास्टरची भुकटी साचलेली. प्रत्येक माणसाचा साचा खालच्या दुकानातून आणलेल्या चपलांच्या रिकाम्या खोक्यात, झाकणावर नाव. घुमी दुपारभर उभी राहून बघत होती. दुसऱ्या गुरुवारी तिच्यासाठी स्टूल आलं होतं.

मग पंधरा दिवसांनी एकदा जायचं असा नेमच झाला. तिथे बघितलेलं ती घरी करून पाहायची आणि काकांना फोटो पाठवायची, फसलेल्याचासुद्धा. काकांकडे माणसं येत-जात: दंतवैद्य, प्लास्टर पुरवणारा, दातांच्या रंगछटा जुळवून देणाऱ्या एक बाई. काका सगळ्यांशी तिची गाठ घालून देत. घुमी फारसं बोलायची नाही, पण कोणाचं कुठे अडलंय ते वहीत टिपून ठेवायची. रंगवाल्या बाईंनी भाजलेले चिनी मातीचे दात भट्टीतून काढताना तडकत होते. पुढच्या भेटीत घुमीने विचारलं, तडकणं थांबलं का. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्यानेही हे विचारलं नव्हतं, म्हणाल्या.

सात-आठ महिन्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जागा निघाली. काकांनी तिथे तिचं नाव सांगितलं. घुमीने ते घरी सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, “म्हणजे वशिलाच ना.”

दुसऱ्या दिवशी ती जिना चढून गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “काका, माझ्यासाठी शब्द टाकू नका.”

“काय सांगितलं ते तर ऐक,” काका म्हणाले. “म्हटलं, मुलगी दात उत्तम रचते. हिरड्या रंगवताना घाई करते. बोलत तर अजिबात नाही. परीक्षा घ्या, पटलं तर ठेवा. वशिला लावणारा माणूस असं सांगतो का?”

हे तिने जसंच्या तसं बाबांच्या कानावर घातलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिचा एप्रन बाबांनी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता. परीक्षा दोन दिवस चालली. पाच जणांत ती दुसरी आली, हिरड्यांमुळेच. चार महिन्यांनी पहिला आलेला मुलगा दुसरीकडे गेला आणि तिला बोलावणं आलं.

नोकरीला दुसरं वर्ष लागलं आणि काका जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. फळीवर तेवीस खोकी अर्धवट कामाची. त्यात एक शाळेतल्या शिक्षिकेचं होतं. तिला वर्गात तोंड उघडायची चोरी झाली होती. खोकी ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे परत पाठव, काका पलंगावरून म्हणाले.

घुमीने ती पाठवली नाहीत. शनिवारी सकाळी काकांच्या खोलीत वही उघडून ती बसली आणि फोन लावला, पहिला प्लास्टरवाल्याला. ‘काका’ एवढंच म्हणून ती वहीची पानं उलटत राहिली. “बोल गं, ऐकतोय,” तो म्हणाला आणि थांबून राहिला. पाचव्या फोनपर्यंत ती काय बोलायचं ते आधी लिहून काढत होती, मग ते सुटलं. दुपारपर्यंत सतरा फोन झाले. अकरा जण तयार झाले: वर्गातल्या दोघी, रंगवाल्या बाई, हॉस्पिटलच्या तिच्या वरिष्ठ वगैरे. परीक्षेत पहिला आलेला तो मुलगाही दोन खोकी घेतो म्हणाला.

खोकी पोचवायची कोणी? बाबांची सुट्टी होती. दोन पिशव्या घेऊन ते बसने फिरले, पत्ता शोधत, घंटी वाजवत, अनोळखी लोकांना समजावून सांगत. संध्याकाळी पाय चेपत त्यांनी एकेका जागेचं वर्णन केलं. एका इमारतीत लिफ्ट बंद होती, ती त्यांनी जाता जाता चालू करून दिली. तिथल्या प्रयोगशाळेच्या मालकाने स्वतःचा नंबर लिहून दिला होता. तो कागद त्यांनी तीनदा खिशातून काढून दाखवला.

पाच आठवड्यांत बावीस कवळ्या माणसांच्या तोंडात गेल्या. तेविसावी कोणालाच जमेना. ती काकांनी खुर्चीत बसून स्वतः केली. बाकीच्या कामांचे फोटो पाहून ते म्हणाले, यातल्या तीन माझ्यापेक्षा सरस आहेत. कुठल्या ते मात्र सांगितलं नाही. आता त्यांना जिना चढवत नाही. रंगवाल्या बाईंनी आपल्या तळमजल्यावर त्यांना एक टेबल मोकळं करून दिलं आहे.

ती शिक्षिका नंतर घुमीला शोधत हॉस्पिटलात आली. माझी कवळी नक्की केली कोणी, असं तिने विचारलं. ते काम चौघांच्या हातून गेलं होतं. घुमीने चौघांचे नंबर कागदावर लिहून दिले, आणि शिक्षिकेने तिथेच बाकावर बसून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.