सरपंचाच्या नावानं बोंब

आमच्या गावात वर्षाचा निकाल होळीला लागायचा. गाव शिरोळ तालुक्यातलं, उसात बुडालेलं. फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना. पाडव्याला नवं वर्ष लागायच्या आत मनातली सगळी घाण बोलून मोकळं व्हायचं, असा रिवाज. बाकीची गावं होळीला नुसतीच बोंबलतात. आमचं गाव हुद्दा धरून बोंबलायचं. वायरमनच्या नावानं, दूध संस्थेच्या सेक्रेटरीच्या नावानं, हेडमास्तरांच्या नावानं. ज्याची बोंब पडली त्यानं पुढं यायचं, होळीत नारळ टाकायचा, हात जोडायचे आणि रागवायचं नाही. शेवटचा मान सरपंचाचा. गटार, रस्ता, पाणी सगळं त्याच्या गळ्यात, म्हणून त्याची बोंब सगळ्यात मोठी. धुळवडीला सकाळी अख्खा गाव खोरी-पाट्या घेऊन त्यातल्या एखाद्या कामाला भिडायचा आणि दुपारी घरोघरी मटण शिजायचं.

बायकांनी मात्र बोंब मारायची नाही. बायकांनी पोळीचा नैवेद्य दाखवायचा, ओवाळायचं आणि लांब उभं राहायचं. असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सरपंच व्हायची फार हौस. मेंबर होऊन होऊन कंटाळले होते. एसटीच्या खिडकीतून सीटवर टॉवेल टाकून जागा धरतात, तसं त्यांनी आईला त्या खुर्चीवर टाकलं. आई निवडून आली. गुलाल आप्पांच्या अंगावर पडला.

मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते, राजारामपुरीत मावशीकडं राहायचे. सुट्टीला घरी आले की आईचा कारभार दिसायचा. सातवी शिकलेली बाई, डोक्यावर पदर, पंचायतीत खुर्चीच्या कडेवर बसलेली. मेंबर आणि ग्रामसेवक सगळं बाहेर व्हरांड्यात आप्पांना विचारायचे आणि आत फक्त सहीला यायचे. त्या वर्षी गावात पाण्याची नवी पाइपलाइन झाली. ती ओढ्यापलीकडं बौद्ध वस्तीत जायची होती. गेली देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत आणि थांबली. आई म्हणाली, "ओढा कवा वलांडायचा?" आप्पा म्हणाले, "पुढल्या वरसाला बघू. तू सही कर." तिनं सही केली. वस्तीतल्या बायका ओढा उतरून, देवळामागं नळाला येऊन, परत चढ चढून पाणी नेत राहिल्या. पंचायतीच्या दारावरूनच त्यांची वाट होती, आणि दारातून दिसेल अशी आत खुर्चीत आई बसलेली.

होळीच्या दिवशी पोळ्या लाटताना आई म्हणाली, "आज माझी काय खैर न्हाय बघ." मला वाटलं घाबरली आहे. पण तिनं नवं लुगडं नेसलं, एक नारळ निवडून, हलवून, आत पाणी आहे का बघून पिशवीत ठेवला. बोंब खाल्ली की मगच आपण खऱ्या सरपंच, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि त्या नळाचं तिच्या मनावर जे ओझं होतं, तेही तिला चारचौघांत एकदा उतरवायचं होतं. मला मात्र धास्ती. आमच्या गावची बोंब म्हणजे साधं प्रकरण नव्हे, आदल्या वर्षी हेडमास्तरांना ताप भरला होता.

दिवेलागणीला देवळापुढं होळी पेटली. तालमीचे म्हातारे वस्ताद दरवर्षी पुकारा करायचे. त्यांनी एकेक हुद्दा घेतला. वायरमननं नारळ टाकला, सेक्रेटरीनं टाकला. मग वस्ताद म्हणाले, "आता ऱ्हायला सरपंच!"

आईनं पिशवीत हात घातला.

"आप्पाच्या नावानं बोंऽऽब!" तालमीतली पोरं ओरडली. आणि सगळा गाव पालथा हात तोंडावर मारत आप्पांकडं तोंड करून बोंबलायला लागला. "आप्पाची पाइप कुठं ग्येली? देवळामागं मुतून आली!" आप्पा हसत पुढं आले, हात जोडले आणि शर्टाच्या आतून नारळ काढला. म्हणजे आमच्या एका घरातून त्या संध्याकाळी दोन नारळ निघाले होते.

मी हबकलेच. आप्पांचा चेहरा खुलला होता. शिव्या खाताना इतका खूश झालेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. आणि आई पिशवीत हात तसाच घालून उभी. तिला कुणी काही बोललं नव्हतं, हाच तिचा अपमान होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

तिनं नैवेद्याचं ताट माझ्या हातात दिलं आणि सरळ पुरुषांच्या रिंगणात चालत गेली. आजवर तिथं बाईचं पाऊल पडलं नव्हतं. बोंबा एकेक करून विझल्या.

"सरपंच मी हाय," ती म्हणाली. "बोंब माझ्या नावानं मारा."

कुणी हलेना. वस्ताद चुळबुळले. "वैनी, बाईच्या नावानं बोंब मारत न्हाईत. वंगाळ दिसतं."

"मग बाईला सरपंच कशापायी केलासा?"

"ते सरकारनं केलंय की!" मागून कुणीतरी बोललं आणि हशा पिकला.

आप्पा दातांवर दात ठेवून म्हणाले, "घरला चल. तमाशा नको."

"मारा की," आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "नळ आडलाय, मी सही केली. मारा!"

स्वतःच्या नावानं शिमगा करा म्हणून भीक मागणारी बाई, आणि ती माझी आई. एवढा बोलभांड गाव, परक्या माणसालाही रस्त्यात अडवून चार गोष्टी सुनावणारा. आता सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. तिला घेऊन पळून जावं असं मला वाटलं आणि जागचं हलताही येईना.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं भांडं टेकवल्याचा आवाज आला. वस्तीतल्या एक मावशी पाणी घेऊन घरी निघाल्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या त्या, मोठा खणखणीत आवाज. वस्तीतले लोक होळी करत नसत. तो सण आपला नाही, हे त्यांनी कधीच ठरवलेलं. त्या रिंगणात आल्या नाहीत. रस्त्यावरच कमरेला पदर खोचला, पालथा हात तोंडावर घेतला, आणि अशी बोंब मारली की देवळावरची पाखरं उडाली.

"सरपंचबाईच्या नावानं बोंऽऽब! वस्तीत बाळंतिणीला अंघोळीला पाणी न्हाय! नळ आडला अन् सरपंचबाई खुर्चीत झोपली! उठीव की गं तिला कुणीतरी!"

बाई बोंब मारते, बाईच्या नावानं मारते, आणि ते गावच्या होळीसमोर. गावाला एकदम तीन धक्के बसले. माझ्या हातातलं ताट कलंडलं, पोळी मातीत पडली. वस्तादांनी कानाला हात लावला. मी आईकडं बघितलं. ती रडत होती. नारळ काढून तिनं होळीत टाकला, मावशींकडं तोंड करून हात जोडले. "चुकलं माझं. उद्या सकाळी ओढ्यावर भेटू." मावशींनी मान हलवली, कळशी डोक्यावर घेतली आणि गेल्या.

धुळवडीला सकाळी ओढ्यावर चर खणायला आई, मी, ग्रामसेवक आणि वस्तीतली माणसं एवढेच होतो. बाकी गाव मटणात. पण शिमगा सरला तरी कवित्व उरतं. घरोघरी बायकांनी नवऱ्यांना सळो की पळो केलं असणार, कारण पाडवा जवळ आला तसे एकेक जण बघायला यायला लागले. आणि आमच्या गावात नुसतं बघत उभं राहिलं तर लोक बोलतात. वस्तादांनी तालमीची पोरं आणली. पाइप ओढ्यापार गेली. नळाचं पहिलं पाणी वस्तीत आलं तेव्हा मी परीक्षेमुळं कोल्हापुरात होते, त्याची हळहळ अजून वाटते.

आप्पांनी आईशी बोलणं सोडलं. अबोला इतका कडक की जेवायला बसले तरी भिंतीला सांगायचे, "भाकरी वाढा म्हणावं." मी घरी गेले की भिंतीच्या जागी मी. "तुझ्या आईला सांग, मी मळ्यात निघालोय." आई समोरच असायची. ती मला म्हणायची, "जावा म्हणावं." दिवाळी अशीच गेली. हा माणूस आता कधी बोलणार नाही, असं मी धरून चालले होते. पंचायतीत मात्र मेंबर आता आत खुर्चीसमोर बसायला लागले होते. व्हरांडा रिकामा.

पुढच्या होळीला मी मुद्दाम आले. वायरमन झाला, सेक्रेटरी झाला. "आता ऱ्हायला सरपंच," वस्ताद म्हणाले, या खेपेला जरा दबकतच. आई नारळ घेऊन पुढं गेली. गाव पुन्हा गप्प. वस्तीतल्या मावशीही आज दिसत नव्हत्या. त्यांना आता पाण्याला इकडं यायची गरजच नव्हती.

मागच्या अंधारातून एक बोंब उठली. घोगरी, सवय नसल्यासारखी. "सरपंचाच्या नावानं बोंऽब! मळ्याच्या वाटेवरचा दिवा दोन महिनं बंद हाय! माणूस पडून मरंल!"

आवाज ओळखून मी सर्द झाले. आप्पा होते. पालथा हात तोंडावर तसाच राहिलेला, आणि केलं ते आपण केलं यावर त्यांचाच विश्वास बसत नसल्यासारखे डोळे.

आई हसली नाही, लाजली नाही. तिनं नारळ होळीत टाकला, हात जोडले, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसाला विचारावं तसं मोठ्यानं विचारलं, "बोला पावणं, कुठल्या खांबावरचा?"

आप्पांनी खांब सांगितला.