करंजवाडी स्टेशनची विहीर

फायरमननं इंजिनात पाणी भरायच्या सोंडेची साखळी ओढली. आधी नुसती हवा आली, मग गढूळ पाणी, मग थेंब. ड्रायव्हर इस्माईलभाई इंजिनावरून खाली उतरले आणि टाकीकडे बघत उभे राहिले. मी तिथला स्टेशनमास्तर, टाकी रिकामी आहे हे मला माहीत होतं. मागच्या स्टेशनला मी तार केली होती, पण तोवर गाडी तिथून सुटली होती.

"मास्तर, पुढच्या पाण्यापर्यंत हे इंजिन जात नाही," ते म्हणाले.

"सांभाळून नेलं तर?"

"सांभाळून नेलं तरी बॉयलर जातोच."

वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी त्याहून जास्त लागतं. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं की भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो, तापतो आणि फाटतो. म्हणून पाणी संपत आलं की ड्रायव्हर भट्टीतली आग खाली पाडून टाकतो. इस्माईलभाईंनी तेच केलं. निखारे रुळांमध्ये पडून विझले आणि इंजिन मेलं. आमच्यात असंच म्हणतात.

मागच्या वॅगनांमध्ये लाल ज्वारी होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, रेशन चालू झालेलं. पूर्वेकडच्या दुष्काळी गावांना ही ज्वारी जायची होती. लाइन एकेरी. पुढून पॅसेंजर यायची होती, ती पुढच्याच स्टेशनात अडकली. मी कंट्रोलला कळवलं आणि शिव्या ऐकल्या.

करंजवाडी हे मिरजेच्या पूर्वेला, छोट्या लाइनवरचं स्टेशन. ते माणसांसाठी झालंच नव्हतं. लाइन टाकताना तिथल्या ओढ्याकाठी विहिरीला चांगलं पाणी लागलं, म्हणून इंजिनं तिथं थांबू लागली. इंजिनं थांबतात म्हणून स्टेशन आलं, स्टेशन आलं म्हणून शेंगांची वखार आली, मग बाजार भरू लागला. आजारी माणूस सकाळच्या गाडीनं मिरजेच्या दवाखान्यात जाऊ लागला. विहिरीची जमीन गावानं दिली तेव्हा एक बोली झाली होती. टाकी भरली की एक नळ गावाचा.

आता दोन वर्षं पाऊस नव्हता. गावची विहीर आटली होती. सगळं गाव त्या एका नळावर आलं होतं, आणि लढाईमुळे गाड्याही वाढल्या होत्या. विहीर तीच.

पंप दादू चालवायचा. तो गावचाच. त्याची बायको तानूबाई रोज नळाच्या रांगेत असायची. गाडी यायची वेळ झाली की दादू नळ बंद करायचा आणि बायका त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांत तीही असायची.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवरून लिमयेसाहेब आले. आमचे असिस्टंट इंजिनिअर. कमी बोलणारा, कामाचा माणूस.

"नळ कायमचा बंद करा," ते म्हणाले.

"साहेब, गाव त्या नळावर जगतंय."

"आणि पुढची वीस गावं त्या ज्वारीवर. यातून वाट असेल तर सांगा, मी ऐकतो."

तेवढ्यात आप्पा पाटील आले. हे गावातले जैन व्यापारी, वखार त्यांचीच. बरोबर चार-पाच माणसं होती.

"साहेब, नळ तोडू नगासा," आप्पा म्हणाले. "दाणं आलं तरी शिजवायला पाणी लागतंयच की."

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठून ते विहिरीत डोकावले.

"दोघांना पुरेल एवढं पाणी काढायचं असेल तर विहीर खोल करावी लागेल," ते म्हणाले. "खाली काय आहे?"

"काळा पाषाण हाय, साहेब," दादू म्हणाला. "त्येच्या बुडाला पाणी हाय. म्हातारी माणसं सांगत आल्यात."

मलाही ते पटलं. आप्पांनाही पटलं. तिथं असा एकही माणूस नव्हता ज्याला ते पटलं नाही.

मंजुरी लवकर आली, कारण ज्वारी अडकली होती. सांगलीहून विहिरी फोडणारी टोळी आली. सुरुंगाची भोकं कुठं घ्यायची ते दादूनं खाली उतरून दाखवलं. गावातले पुरुष दगड वर काढायला आपणहून आले. पहिल्या सुरुंगानं नुसती खपली निघाली. पुढचा उडाला तेव्हा धूर निवळायच्या आत खालून आवाज आला. पाण्याचा. दंडाएवढी धार खडकातून येत होती.

आप्पांनी वखारीतून गुळाची ढेप आणून फोडली. दादूनं पंप चालू केला, टाकी भरून वाहिली, आणि त्यानं नळ उघडून तसाच सोडला. तानूबाईनं घागर भरली, रिकामी केली आणि पुन्हा भरली. "नवी घागर धुवून घेतली," ती म्हणाली. घागर जुनीच होती. ज्वारीच्या गाड्या एकामागून एक निघून गेल्या.

ते सुख आठवडाभरही टिकलं नाही.

"मास्तर, जरा येता का?" दादू सकाळी दारात येऊन म्हणाला.

विहिरीचं पाणी पुरुषभर खाली गेलं होतं. मी विचारलं, "पंप किती चालवलास?"

"कालच्या सांजंपासनं बंद हाय."

आम्ही काठावर उभे राहिलो. खालून बारीक आवाज येत होता, कुणी घोट घेतल्यासारखा. सुरुंगानं वरचा झरा मोकळा केला होता, पण तळाचा खडकही तडकवला होता. वरून पाणी येत होतं आणि खालच्या भेगेतून निघून जात होतं.

माणसं खाली उतरली. चिकणमाती टाकली, पोती टाकली. सिमेंट मागितलं तर लढाईच्या कामाशिवाय मिळत नव्हतं. मग बायकांनी घरातल्या वाकळा आणल्या. पुरुषांनी त्या पायानं भेगेत कोंबल्या. घटकाभर आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. दादू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वाकळा मागत होता, आणि वर कुणाकडे वाकळ उरली नव्हती.

पाणी कमरेवरून गुडघ्याला आलं, मग घोट्याला. मग दादू वर आला.

"त्यानंच जागा दावली व्हती," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. दादूनं ऐकलं.

लिमयेसाहेब पुन्हा आले. शिडीवरून स्वतः खाली उतरले आणि चिखलात गुडघे टेकून भेगेत हात घातला. वर आल्यावर मला म्हणाले, "सुरुंगाची परवानगी मी दिली."

"साहेब, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं."

"त्यानं पाणी येत नाही, मास्तर."

काही दिवस मिरजेहून गावासाठी पाण्याच्या वॅगन आल्या. मग त्या वॅगन दुसरीकडे लागल्या. इंजिनांना पुढच्या स्टेशनात पाणी देण्याची सोय झाली. करंजवाडीत थांबायचं त्यांना कारण उरलं नाही. पंप उचलून नेला, आणि पंप नाही तर पंपवाला कशाला, म्हणून दादूची जागा गेली. मी साहेबांपाशी शब्द टाकला. त्यांनी दोन ठिकाणी विचारलं. कुठंही जागा नव्हती.

गाव निघालं. आष्ट्याकडे उसाच्या कामाला माणसं हवी होती. तिकिटं मीच फाडली. दादूचं घर निघालं तेव्हा त्यानं मला विचारलं, "मास्तर, पाऊस झाला की हीर भरंल न्हवं?"

"भरेल," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ओढा दुथडी वाहिला. गावच्या जुन्या विहिरीला पाणी आलं आणि थोडी माणसं परतली. स्टेशनच्या विहिरीत पाणी आलं आणि गेलं. वखार बंद झाली, बाजार हलला. पुढं गाड्या तिथं थांबेनाशा झाल्या आणि मला मिरजेला बदली मिळाली.

तिथं फलाटावर एकदा तानूबाई दिसली. डोक्यावर गाठोडं, तिकिटाच्या रांगेत.

"दादू कसा आहे?" मी विचारलं.

"हाय की. रानात रातभर उसाला पाणी पाजतोय."

"पाणी आहे ना तिकडं?"

"लय पाणी हाय, मास्तर. आपलं न्हाई, एवढंच."

करंजवाडीला परत जाणार का, हे मी विचारलं नाही. तिची गाडी लागली आणि ती गेली.

पुढच्या नोकरीत विहिरीला सुरुंग लावायची गोष्ट दोन-तीनदा माझ्यासमोर निघाली. प्रत्येक वेळी मी म्हणालो, आधी बाहेरून पाणी आणायची सोय करा, मग खडकाला हात लावा. एकदाच कुणी ऐकलं आणि सुरुंग लावलाच नाही. त्या विहिरीत होतं तेवढं पाणी राहिलं. वाढलं मात्र नाही.