काटा नव्हे, पातं

मॅडम फळ्यावरची आपली चूक पुसायच्या नाहीत. आडवी रेघ मारायच्या अन् ज्यानं चूक दाखवली त्याचं नाव खाली लिहायच्या. मी त्यांच्या कॉलेजात माळी, चौथी नापास. तरी माझं नाव त्या फळ्यावर आलं.

मॅडम मेंदू शिकवायच्या. एकदा वर्गात दाखवायला बाभळीची फांदी मागितली. म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशीला अशाच फांद्या असतात काका, त्यांवर बारीक काटे. निरोप त्या काट्यांवर येतो."

मी बोललो, "काटा कशाला निरोप घेईल? तो तर हुसकावतो."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. मला पेशी बघायच्या दुर्बिणीत ते काटे बघायला लावलं. बारीक देठ, वर गोल डोकं. "हे तर कपाशीचं पातं!" मी म्हणालो. फुलाआधी इवली कळी धरते ना, अगदी तसं. मॅडमनी 'काटा' खोडला, 'पातं' लिहिलं, खाली माझं नाव.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. "एकट्या पात्याचा जोर तो किती? देठ बारीक, निरोप तिथंच विरतो. पण एकाच फांदीवरची शेजारशेजारची पाती एकदम हलली, की अख्खी पेशी पेटते."

पुढं घरचीला विसर पडायला लागला. मलाच ओळखेना. मी रोज तिच्यापुढं बसून ओरडायचो, "माझं नाव सांग!" ती भिंतीकडं बघायची. मॅडमनी कामावर माझं तोंड बघून विचारलं, अन् संध्याकाळी घरीच आल्या. माझा आरडाओरडा त्यांनी दारातूनच ऐकला.

"काका, काकूंनी कधी तुमचं नाव घेतलंय?"

"लग्नात, उखाण्यात. तेबी बाया हटून बसल्या म्हणून."

"मग त्या नावाचं पातं धरणार कुठून? रोज जे व्हायचं ते आणा. सगळं एकदम. हमी नाही हं."

रोज काय व्हायचं? मी दारात चपला आपटायचो, खोकायचो, शहागंजच्या बाजारातली मेथीची जुडी तिच्या मांडीवर टाकायचो. तेच पुन्हा धरलं. पंधरा-वीस दिवस काही नाही. शेजारीण म्हणाली, "म्हातारा बी गेला कामातून." मग एका संध्याकाळी घरचीनं मेथी हुंगली, पदर सावरला अन् म्हणाली, "आले व्हय? लई उशीर केला."

असं दोनदाच म्हणाली. पावसाळ्याच्या आत गेली.

मॅडम बदलून पुण्याला गेल्या. मी तिच्यावर ओरडलो ते दिवस काही पुसले जात नाहीत, अन् मी पुसायलाही बघत नाही. आडवी रेघ तेवढी मारलीय. खाली नाव मॅडमचं.