घुशीला सोन्याची गोळी

दुष्काळाच्या साली मी एका घुशीवर सोन्याची गोळी झाडली. घरात सोनं उतू जात होतं म्हणून नव्हे, चुकून.

तेव्हा आम्ही भिंगारला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरा लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. घोडेगावकडच्या आमच्या गावात विहिरीने तळ दाखवला, तेव्हा सासूबाई बियाण्याच्या ज्वारीचं पोतं घेऊन एसटीने आमच्याकडे आल्या. पुढच्या पेरणीचं बी. त्याला कुणी हात लावायचा नाही. आम्ही रेशनची लाल मिलो ज्वारी खायची आणि पोत्याकडे नुसतं बघायचं, असा त्यांचा हुकूम.

घुशीला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने खालून पोतं कुरतडलं. पोतं खाटेवर ठेवलं, तर ती खाटेवर चढली. सापळा लावला, तर सापळाच बिळात ओढून नेला. (खोटं सांगत नाही, साखळी तेवढी बाहेर राहिली.) विष ठेवू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "बियाण्यापाशी ईख? आधी मला घाल."

मग नवऱ्याने बाजारातल्या भंगारवाल्याकडून बंदूक आणली. कुण्या साहेबाने पोरासाठी विलायतेहून मागवलेली म्हणे. नळी बिजागरीवर वाकवायची, छर्रा घालायचा, की वाऱ्याच्या जोरावर उडतो. दारूगोळा नको. घोडं अडलं ते छऱ्यावर. नळी इतकी बारीक, की बाजारातला सगळ्यात लहान छर्राही तिच्या तोंडाशीच बसून राही. नगरच्या दुकानदाराने विचारलं, "ही बंदूक हाय का पिचकारी?" नवरा ते मनाला लावून घरी आला.

त्याने मिलोचा दाणा घालून पाहिला. नळीतून पीठ निघालं. मोहरी घातली, ती फोडणीसारखी उडाली. मग भंगारातलं शिसं कानशीने घासून गोळ्या केल्या. एकीसारखी दुसरी नाही. एक अडकली, ती काढताना माझी गोधडीची सुई मोडली. तेव्हा मी रागाने बोलले, "माज्या पोतीतला काळा मणी घाला, म्हंजी समदंच मिटलं."

त्याने खरंच घातला. मणी नळीत असा बसला, जणू तिथेच त्याचं सासर होतं! मण्याच्या भोकातून वारा निसटायचा, म्हणून मी त्यात मेण भरलं. कपाळावर कुंकू टिकावं म्हणून बायका लावतात ना, तेच. काळे मणी माझे, कुंकवाचं मेण माझं. माझं निम्मं सौभाग्य त्या नळीतून सुटू लागलं. कासारणीकडून मी इतके मणी आणले, की फिटरने दुसरी बायको केली अशी बातमी आळीभर फिरली.

नवऱ्याचा नेम मात्र भिंतीलाही चुकायचा. मी लहानपणी गोफणीने पाखरं राखलेली. डब्याचं झाकण मी पहिल्या मण्याला पाडलं, आणि तेव्हापासून त्याला म्हणायला लागले, "तुमी नळी पुसा, बाकी माज्यावर सोडा."

एका संध्याकाळी मंगळसूत्राचा दोरा झिजला म्हणून मी ते सुटं केलं. गळा मोकळा नको म्हणून दोऱ्यात हळकुंड बांधून घातलं. मणी वाटीत टाकले. बंदुकीचे मणीही त्याच वाटीत. (वेगळी वाटी घ्यायला काय धाड भरली होती, ते मला अजून कळलेलं नाही.) नुकतीच कंदिलाची काच पुसलेली, हात काजळीचे. तसल्याच हाताने सगळ्या मण्यांत मेण भरत बसले. तेवढ्यात खोलीत खरखर झाली. नवरा कुजबुजला, "आली."

मी घूस नजरेत धरून चाचपतच वाटीतला मणी उचलला, नळीत घातला आणि झाडला. घूस किंचाळली आणि बिळात गेली. "लागला," नवरा म्हणाला. मग मी उजेडात वाटी पाहिली. सोन्याच्या दोन वाट्या होत्या. त्यांच्या दोन बाजूंना ओवायचे दोन सोन्याचे मणी, त्यातला एकच उरला होता. नवऱ्याने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बिळाकडे. 

ते मणी सासूबाईंच्या डोरल्यातले. त्या साली त्यांनी बैलांच्या चाऱ्यापायी पाटल्या मोडल्या होत्या, पण सुनेच्या गळ्यातल्याला हात लावला नव्हता. आणि त्या ओट्यावरच मिरच्या वाटत बसल्या होत्या.

"मेली का गं?" त्या हात पुसत उंबऱ्यात आल्या. माझ्या गळ्यातलं हळकुंड त्यांना दिसलं. "आन इकडं, मी ओवते. तुजी गाठ ढिली असती."

वाटी त्यांच्या हातात गेली. नवऱ्याने पहार घेतली आणि भुई खणायला लागला. घूस शोधतो म्हणाला. त्या काडीने मेण टोचून काढत सावकाश ओवत होत्या. काळा मणी, काळा मणी. मी दाराला टेकून देवाचं नाव घेत होते आणि एकही देव धड आठवत नव्हता. मग सोन्याचा मणी. मग वाटी, वाटी. मग त्यांचं बोट वाटीच्या तळाशी फिरत राहिलं.

"दुसरा कुठंय?"

नवरा खांद्यापर्यंत बिळात होता. बोलणार कोण? मीच बोलले, "बंदुकीत गेला, आत्याबाई."

त्यांनी वाटी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात माहेरची वाट धरून नगर ओलांडलं.

"घूस मेली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वाटतं."

त्यांनी ओवलेला सोन्याचा मणी दोऱ्यातून काढला आणि माझ्यापुढे धरला. "मग ह्यो बी घाल."

"आत्याबाई, सोनं हाय ते."

"ठावं हाय. माजंच व्हतं. काळ्या मण्यानं तिला गुदगुल्या व्हत्यात. सोनं जड असतं. आन सोनं पेरता येतं व्हय गं? घाल."

घातला. घूस नवऱ्याच्या पाठीमागून निघाली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती आणि तिची सावली अशा मला दोन दिसल्या. त्यातल्या एकीवर झाडला. नवरा ओरडला. त्याला लागलं नव्हतं, लागेल म्हणून ओरडला. घूस दाराकडे पळाली. सासूबाईंनी ओट्यावर हात लांबवला, मिरच्यांचा वरवंटा उचलला आणि तिच्या डोक्यात घातला.

संपलं. बंदूक, मणी, मेण, कशाचीच गरज नव्हती. वरवंटा घरात आमच्या लग्नापासून होता.

नवऱ्याने घूस उलटीपालटी करून पाहिली. अंगावर वरवंट्याखेरीज दुसरी जखम नाही. पहिला मणी बियाण्याच्या पोत्यात सापडला, डाळीसारखा चपटा. दुसऱ्यासाठी आम्ही भुई खणली, माती पिठाच्या चाळणीने चाळली. तो गेला तो गेलाच. सासूबाईंनी चपटा मणी एका बाजूला ओवला आणि दुसऱ्या बाजूला काळा मणी ओवून गाठ मारली. पाऊस झाल्यावर पोतं गावी नेलं. ज्वारी चांगली उगवली. नवऱ्याने बंदूक त्याच भंगारवाल्याला परत दिली.

आता सुना विचारतात, सोन्याचा दुसरा मणी कुठे गेला? मी सांगते, घुशीने पळवला. सोनं गेलं एवढं सांगायला मला काही वाटत नाही. पण गोफण चालवलेल्या बाईने दोन हातांवरची घूस दोनदा चुकवली, हे सांगण्यापेक्षा मेलेल्या घुशीवर आळ घातलेला बरा!