खंडेनवमीच्या ताटातील सहा पुंगळ्या

विघ्नहर्त्याचे स्मरण करून, आणि शस्त्रामध्ये जी शक्ती वास करते तिला वंदन करून, हे लिहावयास बसलो आहे. आज आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. घरोघर विळे, कुऱ्हाडी, सुताराच्या पटाशा धुऊन पाटावर मांडल्या आहेत. सकाळपासून मी चार घरच्या पूजा सांगून आलो. ज्या घरची पूजा मी कित्येक वर्षे सर्वांआधी सांगत असे, त्या घरी मात्र आता मला बोलावणे येत नाही. ते का येत नाही, हे सांगण्यास आजचाच दिवस योग्य आहे.

आमचे गाव टेंभुर्णीपासून पायी तासाभराच्या अंतरावर. गावचे पाटील माझ्याच वयाचे. त्यांच्या वडिलांना निजामाच्या अमदानीत एक मोठ्या तोंडाचे विलायती रिव्हॉल्व्हर मिळालेले होते. परवाना पुढे पाटलांच्या नावावर झाला. परंतु एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांत त्याची काडतुसे कोठेही मिळेनाशी झाली. औरंगाबादचा दुकानदार हात जोडी. तेव्हा पाटील उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवीत आणि स्वतः पुन्हा भरीत. ते कायद्यात बसते की नाही, हे आम्ही कोणी विचारले नाही.

हे काम ते सकाळी, ओसरीवर करीत. सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा समोर असे. वारा लागू नये म्हणून कवाड लोटून घेत. बंदुकीच्या दारूची प्रत्येक चिमूट तोलायची, पुंगळीत सोडायची, मग पुन्हा प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहायचे, आणि त्यानंतर वर शिशाची गोळी बसवायची. मी शेजारी जपमाळ घेऊन बसत असे. तासभर दोघांपैकी कोणी बोलत नसे.

एकदा मी म्हणालो, "पाटील, एवढे तर मीही मंत्र मोजत नाही."

ते काट्यावरची नजर न हलवता म्हणाले, "तुमचा मंत्र चुकला तर देव माफ करतो, गुरुजी. माझा देव बिलकुल करत न्हाई."

अशाच एका वर्षी नवमीच्या दिवशी ते पहाटेच भरायला बसले होते. सहा पुंगळ्यांत दारू पडली होती, गोळ्या बसवायच्या राहिल्या होत्या, आणि मी पूजेला पोहोचलो. खंडेनवमीला पूजा मांडली की अवजाराला विश्रांती. दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हा नेम त्यांच्या घरी कडक होता. त्यांनी काम तेथेच थांबवले, पुंगळ्यांचे ताट रिव्हॉल्व्हरशेजारी पाटावर ठेवले आणि वर कोरडे फडके झाकले.

मी म्हणालो, "फडके काढा. देवापुढे शस्त्र झाकून ठेवू नये."

"राहू द्या ना गुरुजी. उघड्याच हायेत त्या अजून."

"पूजा सांगणारा मी आहे ना?"

ते हसले. "तुम्हीच. काढतो." आणि त्यांनी फडके काढले.

प्रोक्षणाचा मंत्र म्हणत मी कलशात आंब्याची डहाळी बुडवली आणि शिंपडली. पाटलांनी डोळे मिटून हात जोडले होते. डहाळीच्या टोकावरचा एक टपोरा थेंब ओघळून ताटातल्या एका पुंगळीत पडलेला मी पाहिला. मंत्र मध्येच तोडू नये, अशी माझी शिस्त. मंत्र संपल्यावर सांगू, असे मनात आले. पुढे आरती झाली, पाटलीणबाईंनी प्रसाद वाटला, आणि तोवर माझ्या मनाने दुसरी समजूत घातली होती: मंत्राचे पाणी आहे, त्याने अपाय कसा होईल? मी दक्षिणा घेतली आणि घरी आलो.

दसऱ्याच्या दुपारी पाटलांनी गोळ्या बसवून काडतुसे पुरी केली. पुंगळीत डोकावून पाहण्याचे काम आदल्या दिवशीच झाले होते.

आठवडाभरातली गोष्ट. नदीकाठच्या कपाशीत एक जखमी रानडुक्कर शिरले आणि वेचणी करणाऱ्या एका बाईची मांडी त्याने फाडली. पोरे पाटलांना बोलवायला धावली. मी वाटेवरच होतो, मीही बांधापाशी गेलो. डुक्कर वीस पावलांवर होते. पाटलांनी चाप ओढला. आवाज आला तो ओल्या लाकडाची गाठ तडकावी एवढाच. डुक्कर जागचे हलले नाही. एकजण म्हणाला, "हुकलं, पाटील!" डुकराने मान खाली घातली आणि पाटलांनी लगेच दुसऱ्यांदा चाप ओढला.

पहिल्या पुंगळीतली दारू पुरती पेटलीच नव्हती, आणि तिची गोळी नळीतच अडकून राहिली होती. दुसरी मागून तिच्यावर आदळली. नळी फाटली. उजव्या हाताची दोन बोटे आणि उजवा डोळा गेला. जीपमधून जालन्याला नेताना त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. ते एवढेच म्हणत होते, "एकीत दारू टाकायची राह्यली असंल, गुरुजी. मी बघितलं न्हाई बराबर."

मी त्यांच्या तोंडात पाणी घातले. 

पोलिसांनी रिव्हॉल्व्हर नेले, परवाना रद्द झाला. पारावरची माणसे म्हणत, "तोलून तोलून शेवटी मापच चुकलं की." पाटील ते ऐकत आणि होकारार्थी मान हलवीत.

असे एक तप गेले. पाटलांच्या घरची पूजा मी सांगत राहिलो. प्रत्येक नवमीला कलशात डहाळी बुडवताना मला तो थेंब आठवत असे, तरी तोंड उघडत नसे. मग एके दिवशी पाटलीणबाई आमच्या दारी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही तरी समजावा. नात तापानं फणफणली होती. घरात दुसरं कोणी न्हवतं. औषधाची बाटली समोर, पण ह्यांनी चमचा भरला न्हाई. मी शेतातून येईस्तोर हे पोरीला तसंच धरून बसलेले. म्हणतात, माझ्या हातानं माप चुकतंय."

मी त्याच पावली त्यांच्यामागे गेलो. ओसरीवर उभे राहूनच थेंबाची गोष्ट सांगितली. फडक्याचीही सांगितली.

 पाटील उठले, कोनाड्यातून ती काचेची पेटी काढली, तिच्यावरची धूळ धोतराने पुसली. डाव्या हाताने एका पारड्यात वजन ठेवले आणि दुसऱ्यात वाटीतली मोहरी सोडू लागले.  काही दाणे पाटावर सांडले. ते त्यांनी एकेक करून टिपले. अखेर काटा मधोमध येऊन थांबला.

"बघा गुरुजी. बराबर हाय?"

मी वाकून पाहिले. "बरोबर आहे."

"म्हंजे तव्हाबी बराबरच होतं."

"होते."

"बोटं गेली त्याचं काई न्हाई. डोळ्याचंबी न्हाई." त्यांनी पारड्यातली मोहरी हळूच वाटीत ओतली. "बारा वर्षं मी माझ्या हाताला शिव्या देऊन राह्यलो, अन् तुम्ही दर साली हितं बसून परसाद खाऊन राह्यले."

 शास्त्रात प्रायश्चित्ते पुष्कळ आहेत, मी ती लोकांना सांगतही आलो. त्यातले एकही त्या ओसरीवर तोंडातून निघाले नाही.

आतून पाटलीणबाई म्हणाल्या, "चहा टाकू का?"

पाटील म्हणाले, "गुरुजी निघालेत."

पुढल्या नवमीला त्यांनी परतूरहून दुसरे गुरुजी आणवले. पाटलीणबाईंकडून कळले की नातीचे औषध आता तेच मोजतात, डाव्या हाताने. एवढे ऐकून मी देवाला दिवा लावला होता. पाटील जाऊन आता तीन वर्षे झाली. अंत्यसंस्काराला मी गेलो आणि लोकांच्या मागे उभा राहिलो.

आता पूजा सांगताना मी डहाळी वापरत नाही. कोरड्या अक्षता वाहतो. कोणी विचारले तर कारण सांगतो.

वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरची अवजारे तुझ्या हाताला इमानी राहोत. तुझ्या लेकराबाळांचे डोळे आणि बोटे ती जगदंबा सांभाळो. आणि तुझ्या उंबऱ्याआत कोणाच्याही माथी दुसऱ्याची चूक एक दिवसही न राहो. शुभं भवतु.